खाऱ्या वाऱ्यातला अग्निशामक सिलिंडर: निवड, जागा आणि देखभाल

कोकणात बरीच घरं रस्त्याला लागून नसतात. गाडी थांबते तिथून पाखाडी उतरायची, साकव ओलांडायचा, मग अंगण लागतं. अग्निशमन बंब तालुक्याच्या गावात किंवा औद्योगिक वसाहतीत. तो वेळेत निघाला तरी पाखाडीच्या डोक्यावरच उभा राहणार. त्यामुळे आगीची पहिली काही मिनिटं घरातल्या माणसांनाच निभवावी लागतात, आणि तेव्हा हातात चालणारा सिलिंडर असणं फार मोलाचं असतं.

चालणारा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. हल्ली होमस्टे, खाणावळी, काजूचे कारखाने, शाळा सगळीकडे लाल सिलिंडर दिसतो. पण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाहीत. पुण्यात दहा वर्षं धड राहणारा सिलिंडर मालवण किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर त्याच्या निम्म्या काळातही तळातून खराब होऊ शकतो, आणि बाहेरून तो तसाच लालबुंद दिसतो. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा जागा आणि देखभाल यांवर जास्त लिहिलं आहे.

आधी घर फिरून बघा

सिलिंडर घेण्याआधी एकदा घरातून किंवा कारखान्यातून फिरा आणि कुठे काय पेटू शकतं ते कागदावर लिहा. भारतीय मानकांत आगीचे वर्ग जळणाऱ्या वस्तूवरून ठरतात. लाकूड, कापड, कागद, पेंढा, काथ्या म्हणजे ए वर्ग. डिझेल, पेट्रोल, रंग, थिनर म्हणजे बी. एलपीजीसारखे वायू सी वर्गात येतात, पेट घेणारे धातू डी वर्गात आणि तळणीचं तेल एफ वर्गात. विजेचा स्वतंत्र वर्ग नाही. वीज चालू असलेल्या वस्तूवर वीज न वाहणारं माध्यम वापरायचं, एवढंच. अमेरिकी व्हिडिओंमध्ये सी म्हणजे विजेची आग असं सांगतात. ती तिथली पद्धत आहे, आपल्या सिलिंडरवरचं अक्षर त्या अर्थाने वाचू नका.

आता हे आपल्याकडच्या वास्तूंना लावून बघा. कौलारू घरात वासे, रीपा, माळ्यावरचा पेंढा आणि गोवऱ्या हा सगळा ए वर्ग डोक्यावरच असतो. देवगडकडे हंगामात आंब्याच्या पेट्या, खोके आणि गवत एकाच खोलीत भरलेलं असतं. काजूच्या कारखान्यात टरफलांचा ढीग दिसायला सुकी वस्तू वाटतो, पण टरफलात तेल असतं. ते पेटलं की काळा, झोंबणारा धूर निघतो आणि आग ढिगाच्या पोटात शिरते. तिथे पावडरने वरचा जाळ बसतो, आतला निखारा तसाच राहतो. म्हणून टरफलांच्या ढिगाजवळ सिलिंडरइतकंच पाण्याचं पिंप आणि ढीग पसरायला फावडं हवं. पण तेल साठवलेल्या उघड्या टाकीवर मात्र पाणी मारायचं नाही.

उन्हाळ्यातला वणवा हे सिलिंडरचं काम नाही. बागेभोवती गवत काढून मोकळा पट्टा ठेवणं आणि चार माणसं हिरवे डहाळे घेऊन उभी करणं, हाच तिथला उपाय. सहा किलोची पावडर उघड्या कातळावर वाऱ्याने उडून जाते.

कोणता आणि केवढा

साध्या घराला एबीसी पावडरचा, म्हणजे ए, बी आणि सी तिन्ही वर्गांवर चालणारा, ४ किलोचा सिलिंडर पुरेसा आहे. २ किलोचा मी फक्त गाडीसाठी किंवा ज्यांना वजन उचलवत नाही अशा घरासाठी सुचवतो, कारण तो काही सेकंदांत रिकामा होतो. होमस्टे किंवा खाणावळ असेल तर दर मजल्याला ६ किलोचा एक, आणि मीटर, इन्व्हर्टर, फ्रीझर जिथे आहेत तिथे कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे सीओटूचा एक. कोणत्याही जागेवरून १५ मीटरच्या आत एक तरी सिलिंडर हाती लागावा, हे माप धरून चाला.

विजेच्या वस्तूंजवळ सीओटू का, याला किनाऱ्यावर खास कारण आहे. एबीसी पावडरमध्ये मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ते विजेच्या आगीवर चालतं, पण दमट हवेत त्याचा थर ओलावा धरतो आणि तांब्याच्या तारा, सर्किट खातो. आग लहान असली तरी नंतर फ्रीझर आणि इन्व्हर्टर दोन्ही जातात. सीओटू मागे काही ठेवत नाही. मात्र बंद खोलीत तो माणसाचा श्वासही कोंडतो, म्हणून वापरून लगेच बाहेर पडायचं. त्याच्या शिंगासारख्या नळकांड्याला हात लावायचा नाही. तिथे उणे ७८ अंशांचा बर्फ तयार होतो आणि कातडी चिकटते.

मोठ्या कढया असलेल्या स्वयंपाकघरात एफ वर्गाचा, वेट केमिकल प्रकारचा सिलिंडर घ्या. तो तेलावर साबणासारखा थर धरतो आणि तेल थंड करतो. पावडरने जाळ विझतो, पण तापलेलं तेल पुन्हा भडकू शकतं, आणि जवळून फवारा मारला तर तेल उडतं. घरच्या कढईने पेट घेतला तर गॅस बंद करून घट्ट झाकण किंवा परात ठेवणं सगळ्यात चांगलं. पाणी कधीच नको.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. लिथियम बॅटरी आतून तापत गेली की पावडर तिला थांबवू शकत नाही. तिला भरपूर पाण्याने थंड करावं लागतं. सिलिंडर वाढवण्यापेक्षा चार्जिंग पडवीत, पेंढ्यापासून आणि दारापासून लांब करा.

विकत घेताना अंगावरची अक्षरं वाचा

हातात उचलण्याच्या सिलिंडरचं भारतीय मानक आयएस १५६८३ आहे. सिलिंडरवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर हा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. दुकानात उभं राहून हे करायला दोन मिनिटं लागतात, ती द्या. मग उत्पादनाचं वर्ष बघा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल किनाऱ्यावर स्वस्तात येतो, तो नको.

२ए, २१बी अशी अक्षरंही असतात. ती त्या सिलिंडरने प्रत्यक्ष चाचणीत केवढी आग विझवली याचं माप सांगतात. एकाच वजनाच्या दोन सिलिंडरांत मोठा आकडा असलेला घ्या. कोकणासाठी माझी आणखी एक अट असते: तळाला रबराचं किंवा प्लास्टिकचं कडं असेल तर ते निघणारं असावं, म्हणजे खालचा पत्रा बघता येतो. पितळी व्हॉल्व्ह घ्या, हलक्या मिश्रधातूचा टाळा.

जागा

सिलिंडर आगीच्या जागेवर लावायचा नसतो, आगीकडे जाण्याच्या वाटेवर लावायचा असतो. शेगडीच्या वर टांगलेला सिलिंडर घ्यायला जाळात हात घालावा लागेल. स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या दाराशी लावा, म्हणजे तो हातात घेतल्यावर पाठीमागे सुटायची वाट मोकळी राहते.

किनाऱ्यावर याहून जास्त विचार वाऱ्याचा आणि पाण्याचा करावा लागतो. पडवीच्या पश्चिमेच्या बाजूला लावलेल्या सिलिंडरवर जून ते सप्टेंबर झड येते आणि उरलेले आठ महिने खारं बाष्प. पागोळ्यांखालची जागाही तशीच वाईट, कारण जमिनीवरून उडणारं पाणी नेमकं तळाला लागतं. माजघराकडची, आतली, सावलीची भिंत बघा. जमिनीवर तर ठेवूच नका. शेणाने सारवलेली जमीन असो की लादी, पावसाळ्यात ती पाझरते आणि तळाच्या कड्यात पाणी साचतं. मी पाहिलेले बहुतेक गंजलेले सिलिंडर तिथूनच गेले होते.

जांभ्याच्या भिंतीत नेहमीचा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, वर्षभरात स्क्रू सैल होतो आणि नऊ-दहा किलोचा भरलेला सिलिंडर खाली येतो. आधी सागाची किंवा फणसाची पट्टी लांब स्टेनलेस बोल्टने भिंतीला बसवा आणि तिच्यावर सिलिंडर अडकवायचा कंस लावा. लाकडी खांब असेल तर त्यालाच लावलेलं उत्तम. मूठ घरातल्या सगळ्यात ठेंगण्या मोठ्या माणसाच्या छातीच्या खाली यावी. कंस जिथे सिलिंडरला घासतो तिथला रंग सर्वांत आधी जातो, म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा द्या.

धूळ बसू नये म्हणून लोक प्लास्टिकची पिशवी चढवतात. ती काढून टाका. आत घाम धरतो आणि गंज दुप्पट वेगाने चढतो. झाकायचंच असेल तर खालून मोकळी असलेली पेटी करा, कुलूप न लावता.

दर महिन्याची तपासणी

यासाठी कोणालाही बोलवायची गरज नाही. एक तारीख ठरवा, म्हणजे विसरायला होत नाही. अनेक घरांत संकष्टीचा दिवस ठरवलेला मी पाहिला आहे.

पहिल्यांदा आतला दाब दाखवणारा काटा बघा. तो हिरव्या पट्ट्यात हवा. पण किनाऱ्यावर काट्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण मिठाने तो जागच्या जागी अडकतो. काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा. काचेच्या आतून दव धरलेलं दिसलं किंवा काट्याच्या मुळाशी हिरवट चूर्ण दिसलं तर काटा बदलायला सांगा. सकाळच्या आणि दुपारच्या उन्हात काटा थोडा हलला तर घाबरू नका. उलट तो हलतो हे चांगलं लक्षण आहे.

मग पिन आणि तिचं सील. सील तुटलेलं असेल तर कोणीतरी दाबून पाहिलं आहे असं समजा. पिन न काढता जागेवर थोडी फिरवून बघा. गंजाने पिन अडकली तर ऐन वेळी ती ओढली जात नाही आणि माणूस घाबरून मूठच दाबत राहतो. लोखंडी पिन बदलून स्टेनलेसची घाला.

नळीचं तोंड बॅटरी लावून बघा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते, आणि पावसाळ्यानंतर हे इतक्या वेळा दिसतं की मी ते आधी तपासतो. नळी वाकवून तडे बघा.

आता सिलिंडर कंसातून काढा. पावडरचा असेल तर दोन्ही हातांनी धरून सावकाश उलटा करा, कान लावा. पावडर सरकल्याचा आवाज आणि वजन खाली आल्यासारखं वाटलं पाहिजे. काहीच हललं नाही तर ती तळाला बसली आहे किंवा तिचा गोळा झाला आहे. दोन-चार वेळा उलटासुलटा करूनही फरक पडला नाही तर सर्व्हिसिंगला पाठवा. हातोडीने ठोकू नका. आत सुमारे १५ बार दाब असतो.

उलटा केलेला असतानाच तळ बघा. बोटाचं नख फिरवा. वरवरचा तांबूस रंग पुसला जात असेल तर ठीक, पण पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील किंवा जोडाच्या रेषेवर फुगवटा असेल तर तो सिलिंडर वापरातून काढायचा. त्याला रंग लावून पुन्हा टांगू नका. रंगाखाली गंज वाढतच राहतो, आणि दाब असलेला पातळ पत्रा माणसाच्या हातात फुटू शकतो. रंग दिल्यामुळे अंगावरची तारीख आणि शिक्केही झाकले जातात.

सीओटूच्या सिलिंडरला काटा नसतो. त्याची तपासणी फक्त वजनाने होते. काजू किंवा मासळी तोलायचा वजनकाटा घरोघरी आहेच, तोच वापरा. भरून आणल्या दिवशी नळीसकट वजन करा आणि पत्र्यावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. वायूच्या वजनात १० टक्क्यांहून जास्त घट झाली की भरून घ्यायचा. म्हणजे ४.५ किलो वायूचा सिलिंडर पहिल्या दिवसापेक्षा साडेचारशे ग्रॅमहून जास्त हलका झाला, की तो कुठूनतरी गळतो आहे.

शेवटी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने मीठ पुसा, कोरडं करा आणि गाडीला लावतात ते मेण हलक्या हाताने चोळा. व्हॉल्व्हवर तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर मीठ आणि धूळ चिकटते. कार्डावर तारीख आणि सही करा.

सर्व्हिसिंग केव्हा करायचं

निवड, बसवणं आणि देखभाल यांचे नियम आयएस २१९० या मानकात आहेत. त्यानुसार पावडर, पाणी आणि फोमच्या सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी दर ३ वर्षांनी, सीओटूची दर ५ वर्षांनी करायची असते. पावडरच्या सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं आणि सीओटूचं १५ वर्षं धरलं जातं. समुद्राच्या कडेला ही मुदत कमाल समजा. पत्रा आधी गेला तर मुदतीची वाट बघायची नाही.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्याखाली येणाऱ्या इमारतींच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये नमुना ब चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ज्यांना हे बंधन नाही त्यांनीही याच दोन महिन्यांचा धागा धरावा, पण दोन्ही वेळचं काम वेगळं ठेवावं. सिलिंडर उघडायचं, पावडर चाळायची, रबरी रिंगा बदलायच्या, पाण्याच्या दाबाची चाचणी द्यायची, ही सगळी कामं जानेवारीत करा. हवा कोरडी असते आणि चाचणीनंतर आतून वाळवणं नीट होतं. जुलैत आर्द्रता इतकी असते की उघडलेली पावडर तासाभरात ओल धरते आणि वर्षाच्या आत तिचा दगड होतो. जुलैत बाहेरून तपासणी, वजन आणि काटा एवढंच.

एजन्सीच्या माणसासमोर उभे राहा आणि विचारा. दाब कशाने भरताय? कोरडा नायट्रोजन हवा. कॉम्प्रेसरची हवा भरली तर तिच्याबरोबर कोकणचं बाष्प आत जातं. पावडर कोणती? एबीसीच्या सिलिंडरमध्ये सोडियम बायकार्बोनेटची बीसी पावडर मिसळली तर ओलाव्यात दोन्ही एकमेकांशी क्रिया करतात, वायू सुटतो आणि गोळे होतात. चाचणीची तारीख कुठे टाकली? ती सिलिंडरवर हवी, नुसत्या बिलावर नको. जो माणूस सिलिंडर न उघडता नवी चिठ्ठी चिकटवून पैसे मागतो त्याला परत पाठवा.

भरायला नेलेल्या सिलिंडरच्या बदली दुसरा ठेवून घ्या. आणि पावडर बदलायचीच असेल तर नेण्याआधी जुनी पावडर मोकळ्या मळ्यात पेंढ्याच्या छोट्या जाळावर घरातल्या सगळ्यांकडून मारून घ्या. आजीने आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एकदा मूठ दाबून पाहिली की पुढे हात थरथरत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. चाकरमानी मे महिन्यात यायच्या आधीची ही वेळ घरच्या सरावाला चांगली आहे. दुसरा सराव गणपतीच्या आधी करा, कारण तेव्हा मखर, विजेच्या माळा आणि घरभर माणसं असतात.

होडीवर

मिरकरवाड्याला किंवा देवगडला ट्रॉलरवर गेलं की सिलिंडर बहुधा इंजिनच्या खोलीतच दिसतो. आग तिथेच लागते, मग तो घ्यायला खाली कोण उतरणार? सिलिंडर केबिनच्या दाराशी, पट्ट्याने आवळून ठेवा. इंजिनच्या थरथरीने पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून उलटा करून बघण्याचं काम महिन्याऐवजी दर फेरीला करा. आग लागली की आधी डिझेलचा कॉक बंद, मग फवारा. सीओटू मारलात तर झाकण लावून घ्या आणि हवा खेळेपर्यंत कोणी आत उतरू नका.

आग लागल्यावर

एकाने ओरडून सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा, दुसऱ्याने सिलिंडर उचलायचा. मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर हाती लागत असेल तर आधी तो बंद. गळणाऱ्या गॅसचा जाळ गॅस बंद करता येत नसेल तर विझवू नका. न जळलेला वायू खोलीत भरतो आणि मग स्फोट होतो.

दाराकडे पाठ ठेवा. अंगणात असाल तर वाऱ्याकडे पाठ. दुपारी वारा समुद्रावरून येतो, तेव्हा साधारण पश्चिमेकडे पाठ. दोन-अडीच मीटरवर थांबा, पिन ओढा, नळी जाळाच्या बुडाशी धरा, मूठ पूर्ण दाबा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरका. ६ किलोचा सिलिंडर फार तर वीसेक सेकंद चालतो, त्यामुळे जाळाच्या टोकावर फवारा मारून तो वाया घालवू नका.

जाळ वाशांना लागला असेल, धूर कौलांखाली जमून खाली उतरत असेल किंवा एक सिलिंडर संपूनही आग हटली नसेल, तर बाहेर पडा आणि दार ओढून घ्या. कौलं तापली की तडकून खाली येतात.

वापरल्यानंतर आणि आयुष्य संपल्यावर

एकदा अर्धा सेकंद जरी मूठ दाबली गेली तरी सिलिंडर भरायला पाठवायचा. व्हॉल्व्हच्या बैठकीत पावडरचे कण अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. घरात पडलेली पावडर त्याच दिवशी कोरडीच झाडून घ्या, मग ओल्या फडक्याने पुसा. भांडी आणि उघडं अन्न टाकून द्या किंवा नीट धुवा.

मुदत संपलेला किंवा गंजलेला सिलिंडर भरलेल्या अवस्थेत भंगारवाल्याला देऊ नका. तो घण घालून फोडतो. एजन्सीकडून दाब काढून घ्या, व्हॉल्व्ह सोडवा, पत्र्याला भोक पाडून घ्या म्हणजे तो कोणी रंगवून पुन्हा विकणार नाही, आणि मग भंगारात द्या.